निसर्गनियम, योगायोग आणि मागच्या जन्माचे खापर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या विदर्भात सिकलसेल हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. लेकरू फिक्कं पडतं, हाडं ठणकतात, रात्रभर रडतं. मग कुणी म्हणतं, "मागच्या जन्माचं फळ!" कुणी म्हणतं, "आईच्याच रक्तात खोट!" बंधूंनो, या दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. कशा, ते पाहू.

ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा त्यांनी संकर केला. दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल निघाले आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. पण शेंग फोडण्याआधी आतला अमुक दाणा कसा निघेल, हे खुद्द मेंडेल यांनाही सांगता आले नसते. एका दाण्यापुरता योगायोग, हजारो दाण्यांत नियम! योगायोग म्हणजे अंदाधुंदी नव्हे आणि कुणी दिलेली शिक्षा तर नव्हेच नव्हे.

सिकलसेलचेही तसेच आहे. समजा, आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे 'एएस' आहेत. दोघांजवळ दोन-दोन चिठ्ठ्या, एक चांगली, एक सिकलची. बाळाला आईकडून एक आणि बापाकडून एक चिठ्ठी मिळते. दोन्ही सिकलच्या आल्या तर बाळ 'एसएस', म्हणजे आजारी. ही शक्यता शंभरात २५. वाहक होण्याची ५० आणि पूर्ण निरोगी असण्याची २५. आजार व्हायला दोघांच्याही चिठ्ठ्या लागतात. मग एकट्या आईला दोष कसा?

आणखी एक गैरसमज. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील." नाही! चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने निघते. मागचा हिशोब ती ठेवत नाही.

आणि हे 'वाईट रक्त'ही नव्हे. जिथे हिवतापाचा जोर होता, तिथे एकच सिकल चिठ्ठी असणाऱ्यांचा काहीसा बचाव झाला, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

तथागतांनी कार्यकारणभाव शिकविला. संयुक्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय? भगवान ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी निरनिराळी कारणे ते सांगतात. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आनुवंशिकतेच्या आधारे तपासून नाकारला. गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकावी, यासाठीच असा सिद्धांत उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मग आपण काय करायचे? कारण कळले की उपाय सापडतो. तरुणांनो, लग्नाआधी पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. वाहक आहे म्हणून मुलीला नाकारू नका. जोडीदाराचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल असेल तर मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असाल तर लपवू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या. गरोदरपणातही तपासणी होते. आणि ज्या घरात आजारी लेकरू आहे, तिथे टोमणे नव्हे, मदतीचा हात घेऊन जा. औषधाने त्रास कमी होतो, रक्तदानाने जीव वाचतो.

कोणती चिठ्ठी निघेल ते आपल्या हाती नाही. पण त्या माऊलीशी कसे वागायचे, ते पूर्णपणे आपल्या हाती आहे. करुणा ती हीच.

नमो बुद्धाय! जयभीम!