गोठ्यांतील दया आणि आकाशांतील गिधाड



मुक्या प्राण्यांशीं माणसानें कसें वागावें, हा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा क्रूरतेविषयीं बोलतों. बैलाला टोचलेली पराणी, टांग्याच्या घोड्याच्या पाठीवरील व्रण, पिंजऱ्यांत येरझारा घालणारा वाघ, अशीं चित्रें डोळ्यांपुढें येतात. आणि आपण कांहीं इतके निर्दय नाहीं, एवढ्या समाधानावर विषय मिटतो. आज मी आपणांस क्रूरतेची गोष्ट सांगणार नाहीं, दयेची सांगणार आहें. या गोष्टींत कोणाच्या हातीं बंदूक नाहीं, कोणाला शिकारीची हौस नाहीं. तरीहि एका पक्ष्याच्या जवळजवळ सर्व कुळाचा तींत नाश झाला आहे. तो पक्षी म्हणजे गिधाड.

गिधाडाचें नांव काढतांच आपल्या कपाळाला आठी पडते. टपून बसलेल्या स्वार्थी माणसाला आपण गिधाड म्हणतों. तें घरावर बसलें तर अपशकुन मानतों. आणि तेच आपण मुलांना जटायूची कथा मात्र भक्तिभावानें सांगतों! नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी तालुक्यांत सर्वतीर्थ टाकेद म्हणून क्षेत्र आहे. रावणाशीं झुंजून जटायु तेथेंच पडला, अशी तेथील श्रद्धा आहे. कथेंतल्या गिधाडाला रामाची मांडी लाभली. प्रत्यक्षांतल्या गिधाडाच्या वांट्यास मात्र आपल्याकडून शिवीच आली.

वास्तविक या पक्ष्याचें आपल्यावर केवढें ऋण! आपल्या देशांत गुरें पुष्कळ, आणि मेलेलें जनावर गांवाबाहेर नेऊन टाकावें ही जुनी रीत. तें ओढून नेण्याचें काम गांवानें पिढ्यान् पिढ्या आपल्यांतीलच एका समाजावर लादलें, आणि वर त्यालाच विटाळ मानला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिकवणुकीनें त्या समाजानें तें काम झुगारून दिलें, हें सर्वथा योग्य झालें. टाकलेल्या ढोराचें पुढें काय होतें, याचा विचार मात्र गांवानें कधींच केला नाहीं. तो भार गिधाडांनीं उचलला होता. उंच घिरट्या घालणाऱ्या एकाला ढोर दिसलें कीं तें खालीं उतरे. त्याला पाहून दुसरें, दुसऱ्याला पाहून तिसरें, असा बघतां बघतां थवा जमे, आणि थोड्याच वेळांत हाडांचा सांपळा तेवढा उरे. १९८० च्या सुमारास या पक्ष्यांची संख्या लाखांनीं मोजावी अशी होती. जगांतील मोठ्या शिकारी पक्ष्यांत पांढऱ्या पाठीचें गिधाड बहुधा संख्येनें सर्वांत अधिक असावें, असें पक्षिशास्त्रज्ञ म्हणत.

राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव हें पक्ष्यांचें प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें १९८७-८८ सालीं या गिधाडांचीं साडेतीनशेंवर घरटीं मोजलीं गेलीं होतीं. पुढें दहा वर्षांच्या आंतच मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश तेथें पाहूं लागले, तों घरटीं निम्म्याहून कमी झालेलीं, आणि फांद्यांवर माना खालीं टाकून बसलेले मरणोन्मुख पक्षी. मग देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं होतीं. लांब चोचीचीं व निमुळत्या चोचीचीं शंभरांत तीन.

कोणी म्हणत सांथ आली, कोणी म्हणत शेतांतील कीटकनाशकें भोंवलीं. अखेर २००४ सालीं पाकिस्तानांतील मृत गिधाडांची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं उलगडा केला. पक्ष्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं होतीं, आंतील इंद्रियांवर पांढऱ्या क्षाराचा थर बसला होता. आणि तपासलेल्या अशा प्रत्येक पक्ष्याच्या शरीरांत डायक्लोफिनॅक हें औषध सांपडलें.

हें औषध आपणां शहरवासीयांस अपरिचित नाहीं. कंबर धरली, गुडघा सुजला, कीं डॉक्टर जीं वेदनाशामकें देतात त्यांतीलच तें एक. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तें गुरांनाहि सर्रास टोचलें जाऊं लागलें. औषध स्वस्त, गुण तात्काळ; लंगडणारा बैल उभा राही, कास सुजलेल्या गाईला आराम पडे. जें जनावर बरें होई, त्याच्या शरीरांतून तें थोड्याच दिवसांत निघून जाई. परंतु जें टोचल्यावर लागलीच मरे, त्याच्या मांसांत तें राही. आणि तें मांस खाणारें गिधाड कांहीं दिवसांतच मरे. शास्त्रज्ञांनीं गणित मांडलें, तेव्हां असें दिसलें कीं शंभर कलेवरांमागें एकापेक्षांहि कमी विषारी असलें, तरी एवढा संहार होण्यास तें पुरेसें आहे. कारण एका ढोरावर अनेक गिधाडें एकाच वेळीं जेवतात, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडें घालते.

आतां या गोष्टींत दोषी कोण? शेतकऱ्याला दोष द्यावा, तर त्यानें आपल्या जनावराची वेदना पाहून पदरचे पैसे खर्च केले होते. त्याच्या हातून कोणतें पाप घडत होतें, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. तथापि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर ती सुई दर वेळीं निर्भेळ दयेनेंच टोचली जात होती, असेंहि म्हणतां येत नाहीं. दुखऱ्या पायाला विसांवा हवा असतो; धन्याला मात्र उद्यां नांगर चालावयास हवा असतो. वेदना दबली, दुखणें तसेंच राहिलें, आणि बैल पुन्हां जोखडाखालीं गेला. ही दया म्हणावी कीं सोय? पाळलेल्या प्राण्यांवरील आपल्या मायेंत या दोहोंचें मिश्रण किती असतें, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

आपल्या देशांत १९६० चा कायदा प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध आहे, आणि १९७२ चा कायदा वन्य जीवांच्या रक्षणासाठीं आहे. एक चाबूक अडवितो, दुसरा बंदूक अडवितो. येथें दोन्हींहि नव्हतीं. उपाय आला तो औषधांच्या कायद्यांतून. २००६ सालीं जनावरांसाठीं डायक्लोफिनॅक तयार करण्यास बंदी झाली, कारण मेलॉक्सिकॅम नांवाचें दुसरें वेदनाशामक गिधाडांना बाधत नाहीं, असें तोंवर दिसून आलें होतें. परंतु नवें औषध प्रारंभीं महाग होतें. म्हणून माणसांसाठीं बनविलेल्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जाऊं लागल्या. अखेर २०१५ सालीं ती कुपी एकाच मात्रेची, तीन मिलिलिटरचीच असावी, असा निर्बंध घालावा लागला. पुढें २०२३ सालीं असिक्लोफिनॅक व कीटोप्रोफेन या दोन औषधांवरहि जनावरांपुरती बंदी आली. दोन कुप्यांच्या किंमतींतील थोडासा फरक, एवढेंच आपण एका पक्षिकुळाच्या प्राणांचें मोल ठरविलें होतें.

गिधाडें गेल्यावर कलेवरें कुजूं लागलीं, मोकाट कुत्र्यांना तें अन्न मिळालें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा कीं, २००० ते २००५ या काळांत या ऱ्हासामुळें आपल्या देशांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक दगावलीं. हा आंकडा ऐकून आपण दचकतों. पण कशासाठीं दचकतों तें पाहा. लक्षावधि गिधाडें मेलीं हें ऐकतांना आपण इतके दचकलों नव्हतों. उपयोगाचा युक्तिवाद ज्याला दुसरें कांहीं ऐकूंच येत नाहीं त्याच्यासाठीं ठीक आहे. परंतु उपयोगावर उभारलेली नीति उपयोग संपतांच ढांसळते. उद्यां यंत्रानें सर्व कलेवरें जाळतां आलीं, तर गिधाडाचा जगण्याचा अधिकार संपला असें आपण म्हणणार आहों काय?

मुंबईच्या पारशी समाजानें या पक्ष्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. अंतीं आपला देह पक्ष्यांच्या मुखीं पडावा, हें त्या समाजांत शेवटचें दान समजलें जातें. गिधाडें नाहींशीं झाल्यावर मलबार टेकडीवरील दख्म्यांत सूर्याची उष्णता एकवटणारीं उपकरणें बसवावीं लागलीं. उपकरणानें काम होत असेल. दान घेणारा मात्र उरला नाहीं.

याच समाजांतील सर दिनशा पेटिट यांच्या औदार्यानें परळ येथें जनावरांचें रुग्णालय निघालें, आणि त्यांच्या पत्नी साकरबाई यांचें नांव त्याला मिळालें. त्याची स्थापना १८८३ सालची. त्याच सालीं, त्याच शहरांत, आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. एका संस्थेनें दुखणाईत जनावराची शुश्रूषा आरंभिली, दुसरीनें रानांतल्या जीवांचें निरीक्षण. दोन्ही संस्था शतकाहून अधिक काळ एका शहरांत नांदल्या. परंतु गोठ्यांतील दुखण्याचा आकाशांतील पक्ष्याशीं संबंध आहे, हें आपल्या मनांत कधीं आलें नाहीं. दयेला ज्ञानाची सोबत नसली, तर ती कोणाच्या जिवावर उठेल याचा नेम नाहीं, हें शिकण्यासाठीं आपल्याला गिधाडांचा बळी द्यावा लागला.

आपण म्हणाल, आम्हीं शहरांत राहणारे. आमच्यापाशीं गोठाहि नाहीं आणि रानहि नाहीं. पण आपण गोशाळेस देणगी देतों. तेथील म्हाताऱ्या गाईला शेवटच्या दिवसांत कोणतें औषध टोचलें, आणि मेल्यावर तिचें काय केलें, एवढे दोन प्रश्न देणगीबरोबर विचारावे. गांवीं भाऊबंदांची शेती असेल, तर हेच प्रश्न पत्रांतून विचारावे. गाईपुढें घास ठेवणें हा धर्म खराच. परंतु आपल्या गाईच्या मरणानें दुसरा जीव मरूं नये, ही काळजी त्याच धर्मांत येते.

हरियाणांत पिंजोर येथें मोठ्या निगेनें वाढविलेल्या गिधाडांपैकीं कांहीं २०२४ सालीं विदर्भांत पेंच व ताडोबा येथें आणलीं गेलीं. पिंजऱ्याबाहेर जें ढोर त्यांच्या पुढ्यांत येईल, तें कोणाच्या तरी गोठ्यांत वाढलेलें असेल. त्याच्या धन्यानें त्याला शेवटीं कोणती सुई टोचली, यावर त्यांचें पुढलें आयुष्य अवलंबून राहील.