आधी बघा, मग पुसा
(आरे-वारे येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"तू कॉम्प्युटरमध्ये नक्की करतेस काय?" असं कालपासून सात जणांनी विचारलं, म्हणून ही दहा मिनिटं माझ्या वाट्याला आली. ज्या मशिनांवर इतरांचे प्रोग्राम चालतात, ती चालू ठेवणं हे माझं काम. त्यांवर युनिक्सच्या घराण्यातलं लिनक्स असतं. युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये जन्मलं, म्हणजे आपल्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठं. स्वभावाने अबोल. फाइल पुसायला सांगितली की पुसतं, "नक्की ना?" असं सहसा विचारत नाही.

२००४ साली पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअरचा हिशेब आमच्या सर्व्हरवर होता. डिस्क भरली म्हणून रात्री जुन्या फाइली काढायला बसले. फाइलीचं नाव आणि त्यापुढची तारका यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. अर्थ झाला, 'ही फाइल पूस, आणि इथलं बाकी सगळंही पूस.' तारका म्हणजे 'काहीही' ना! मशीन एक शब्द बोललं नाही.

बॅकअप होता की! रोज रात्री दोनला आपोआप व्हायचा. टेप लावली, तर शेवटची धड प्रत अकरा दिवसांपूर्वीची. पुढच्या सगळ्या अर्धवट. मशीन तशी मेलही रोज पाठवत होतं, पण ती पेटी कुणी उघडतच नव्हतं. 'कुणी' म्हणजे मीसुद्धा.

अकरा दिवसांच्या पावत्या कारखान्यातल्या कारकुनांनी पुन्हा भरल्या. तीन दिवस त्यांच्या शेजारी बसून मी आकडे वाचत होते. राजीनामा लिहिलाच होता. साहेबांनी तो न वाचता परत दिला, म्हणाले, "त्यापेक्षा काय घडलं ते मिनिटामिनिटाने लिहून दे." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून पुसण्याआधी मी दोन गोष्टी करते. आपण कुठल्या मशिनावर, कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते विचारते; आणि तीच आज्ञा आधी 'फक्त यादी दाखव' म्हणून देते. यादी बरोबर दिसली तरच पुसते. शिवाय दर महिन्याला बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत काढून बघते. हे कंटाळवाणं आहे, नवी मुलं हसतात. पण ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबसारख्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवायच्या पाच सोयी होत्या, ऐन वेळी एकही धड निघाली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं.

कोकणात आणखी एक पथ्य हवं. जुलै २०२१च्या पुरात चिपळुणातल्या आपल्याच एका मित्राच्या दुकानात कॉम्प्युटर बुडाला, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा.

हे आज सांगण्याचं कारण म्हणजे या स्मरणिकेसाठी आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो शोधला, तर चाळीस जणांत एकाच घरी सापडला, तोही वाळवी लागलेला. बाईंचा अर्धा चेहरा गेला आहे. बाई, माफ करा. तुमच्याकडे असतील ते फोटो, वह्या, निरोपसमारंभाची पत्रं जेवणानंतर व्हरांड्यात घेऊन या. स्कॅनर आणलाय. एक प्रत शाळेत राहील, एक माझ्याकडे पुण्यात. तिसरी कोण ठेवतंय, तेवढं आत्ता हात वर करून सांगा.