कँडीमॅन : भूत कुणाचं, पिक्चर कुणाचा



भुताच्या पिक्चरवर काय बोलायचं, असं आपल्यातल्या काही पोक्त मंडळींना वाटणार. वाटू दे. ज्यांची माणसं जाळली गेली, ठेचली गेली आणि पंचनाम्यात भलतंच कारण लिहून मिटवली गेली, त्यांच्याच वस्त्यांत भुतं जास्त असतात. म्हणून 'कँडीमॅन'चा २०२१ चा सिक्वेल मी आज घेतलाय. डायरेक्टर नाया डाकोस्टा, काळी बाई. लेखनात तिच्याबरोबर जॉर्डन पील आणि विन रोझनफेल्ड. जागा शिकागो. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे ज्या शहरात पोलिसांनी ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यातच गोळ्या घातल्या, वय २१, तेच शिकागो. १९७२ साली मुंबईत ज्यांनी पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या वारसांना ह्या शहराची ओळख मी काय करून देणार!

पहिला पिक्चर १९९२ चा, बर्नार्ड रोज ह्या गोऱ्या इंग्रजाचा. मूळ कथा क्लाइव्ह बार्करची, लिव्हरपूलची. रोजनं ती उचलून शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन ह्या सरकारी वसाहतीत आणली. गुलामाचा पोरगा, चित्रकार. गोऱ्या जमीनदाराच्या पोरीशी प्रेम केलं म्हणून जमाव त्याचा हात करवतीनं कापतो, अंगाला मध फासतो, मधमाश्या सोडतो. आता आरशासमोर पाच वेळा नाव घेतलं की तो येतो, हाताच्या जागी लोखंडी आकडा. टोनी टॉडनं हे भूत असं उभं केलं की त्याची भीती वाटते आणि त्याच्यापुढे मान झुकते.

पण गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी? हेलन नावाची गोरी बाई थीसिससाठी वसाहतीत येते. (ही जमात आपल्याला नवीन नाही. वही घेऊन येतात, चहा पितात, डॉक्टरेट घेऊन जातात.) कत्तल काळ्याची, जीव टांगणीला लागतो तो हेलनसाठी. पोर वाचवते तीच, आणि तिच्या मयताला सारी वसाहत रांग लावून येते. एक मात्र त्या पिक्चरनं खरं सांगितलं: वसाहतीत माणसं मेली तेव्हा कुणी हललं नाही, गोऱ्या बाईला मार बसला तशी पोलिसांनी वसाहत बंद केली. ह्यामागे खरी घटना आहे. १९८७ साली शिकागोतल्याच दुसऱ्या वसाहतीत एका काळ्या बाईनं पोलिसांना फोन केला, बाथरूमच्या भिंतीतून माणसं घुसताहेत म्हणून. पोलीस आले, दार ठोठावलं, निघून गेले. दोन दिवसांनी प्रेत मिळालं. भूत कशाला पाहिजे?

मधे १९९५ आणि १९९९ ला दोन सिक्वेल निघाले. डाकोस्टानं ते सरळ बाजूला सारले, बरं केलं. पहिल्या पिक्चरमधलं ते वाचलेलं पोर, अँथनी, तिच्या पिक्चरमध्ये मोठा चित्रकार झालाय, पॉश फ्लॅटात राहतो. वसाहतीचे टॉवर पाडून झालेत; शेवटचा २०११ साली पडला. आपला जन्म कुठला, हे त्याला माहीत नाही. इथं पिक्चर जोरात आहे. कँडीमॅन एकटा नाही, हे डाकोस्टानं ठणकावून सांगितलं. १९७७ साली पोरांना गोळ्या वाटणारा एक निरपराध काळा माणूस पोलीस बदडून मारतात, तोही कँडीमॅन. त्याच्या आधीचे, नंतरचे, सगळे. त्या जुन्या कत्तली ती कागदी बाहुल्यांच्या सावल्यांनी दाखवते. रक्त नाही, किंकाळी नाही, अन् अंगावर काटा येतो. एक खून लांबून, इमारतीच्या खिडकीतून दिसतो. चवीनं रक्त पाजायचं नाही, हे तिनं ठरवलेलं दिसतं. आणि अँथनीची बायकोसारखी सोबतीण ब्रियाना तळघराचा अंधारा जिना बघते, नाही म्हणते अन् दार लावून घेते! हे मला फार आवडलं. गरिबाला असल्या जिन्यांचा शौक नसतो.

गॅलरीचा भागही झोंबतो. अँथनी आरशाची कलाकृती मांडतो, गोरी समीक्षक नाक मुरडते. त्याच कलाकृतीपुढे दोन माणसं कापली जातात, मग बाईला एकदम रस. आपल्या दुःखाला भाव येतो तो सांडलेल्या रक्तावर. आपल्या कवींनी हा सीन दोनदा बघावा.

आता वाईट. पात्रं भाषण करतात. वस्त्या कशा आधी सडू दिल्या, मग पाडल्या, हे जेवताना डायलॉगमधून. अरे, दाखव ना! शाळेतल्या पोरींचा खून कशासाठी, कळत नाही. ब्रियानाच्या बापाची आत्महत्या आणून सोडून दिली. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बर्क, लाँड्रीवाला, वसाहतीत उरलेला जुना माणूस. त्यालाच शेवटी वेडा करून हातात करवत दिली. गोऱ्या बाईच्या डोळ्यांतून काढलेली गोष्ट गॅलरीवाल्यांच्या हातात गेली. वसाहतीतला माणूस तेव्हा भिताड होता, आता खलनायक.

खरी वसाहत अशी नव्हती. मॅरियन स्टॅम्प्ससारखी झुंजार बाई तिथं भाडेकरूंना घेऊन उभी राहिली. रहिवाशांच्या कौन्सिलनं १९९६ साली हाउसिंग अथॉरिटीला कोर्टात खेचलं. ह्यातलं पिक्चरमध्ये शून्य. तिथं सूड घेतं ते भूतच. शेवटी पोलीस अँथनीला गोळ्या घालतात, ब्रियानावर खोट्या साक्षीसाठी दबाव टाकतात, ती गाडीच्या आरशात पाच वेळा नाव घेते आणि पोलीस कापले जातात. टाळ्या मीही वाजवल्या. पण नाव घ्यायला जिवंत बाई लागली, आणि ती एकटी होती.

अँथनीची आई ॲन-मरी एका प्रसंगापुरती येते. ती सांगते की त्या रात्रीनंतर वसाहतीनं मिळून ठरवलं, ते नाव कुणी घ्यायचं नाही. साऱ्या वस्तीनं एक पोर वाचवायला तोंड बंद ठेवलं. कुणी ठरवलं, कुठं बसून ठरवलं, कोण फुटायला निघालं होतं, त्याला कुणी धरून ठेवलं? डाकोस्टाच्या हातात हा पिक्चर होता. तिनं कॅमेरा उचलला आणि परत गॅलरीकडे गेली.