किशोरमनाचे मौन



बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. महानगरांत तर १३.५ टक्के. पाठशाळेच्या शिक्षकवर्गाने हे आकडे एकत्र बसून अभ्यासावेत.

पर्युषणात स्वेच्छेने, प्रसन्नचित्ताने पच्चक्खाण घेऊन केलेला उपवास हे तप होय. खिन्नतेने सुटलेले अन्न हे तप नव्हे. दोहोंची अनुमोदना सारखीच होऊ लागली, तर त्या मुलाने व्यथा कोणापाशी सांगावी? सोयरीक मोडेल या धास्तीने घरे गप्प राहतात, मुलींच्या बाबतीत अधिकच. आणि उपचार लांबतो.

२०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. पाठशाळेच्या फलकावर, तिथीपत्रकाशेजारी तो लिहिण्यास खडूपलीकडे खर्च नाही.