नामंजुरीचा कागद

फणसवाडीतल्या चाळींत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की एक दिवस जिन्यावर बातमी येते, "आयओडी मिळाली!" लगेच पेढे वाटले जातात. श्रोतेहो, या कागदाचं पूर्ण नाव आहे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे चक्क नामंजुरीची सूचना! मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातल्या कलम ३४६खाली ती निघते. सोबतच्या अटी पुऱ्या करा, मगच पुढे जा, असा तिचा अर्थ.

गिरगावातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींना म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं. नियम ३३(७)खाली त्यासाठी किमान ५१ टक्के रहिवाशांची लेखी संमती हवी. पूर्वी ७० टक्के लागे. आयओडीनंतर येतो बांधकाम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे सीसी. तोही बहुधा आधी जोत्यापुरताच मिळतो. जोतं तपासलं, की वरच्या मजल्यांसाठी. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळालं, की नव्या घरात कायदेशीरपणे राहायला जाता येतं.

घर एकदा रिकामं केलं, की आपल्या हातात उरतात ते फक्त कागद. म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधी नव्या घराचं क्षेत्रफळ, दरमहा भाडं आणि मुदत लिहिलेला नोंदणीकृत करार घ्या. आयओडीची प्रत मागा आणि कोणती अट कोण, कधी पुरी करणार, हे चाळीच्या सभेत विचारा. प्रत मिळत नसेल, तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्ज एकट्यालाही करता येतो.