तुणतुणे टाकावे काय?



दीक्षेनंतर आपण घरातले देव काढले. आता खुंटीवरचे डफ-तुणतुणेही काढावे काय, असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. प्रश्न रास्त आहे. गावची जत्रा असो वा मिरवणूक, वाजविण्याचे काम अस्पृश्य म्हणविलेल्या जातींच्या माथी होते, आणि मोबदला बहुधा मूठभर धान्याचा.

याचे उत्तर मला वाटेगावी सापडते. हे गाव वाळवे तालुक्यातले. पूर्वी सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. तेथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. तेच शाहीर अण्णा भाऊ. शाळा नावापुरतीच झाली. मुंबईस जाऊन गिरणीत राबले, आणि १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने होई. अण्णा भाऊंनी ढोलकी तीच ठेविली, चाल ठेविली, तुणतुणेही ठेविले. परंतु गणपतीच्या जागी मायभूमीस वंदन केले. गवळण गाळली. वगात राजाऐवजी शेतकरी व गिरणीकामगार बोलू लागला. वाद्य तेच राहिले, वंदन मात्र बदलले! ते कम्युनिस्ट होते, बौद्ध नव्हते, हे मी लपवीत नाही. तथापि १९५९ सालची ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आहे.

दूर अमेरिकेत गुलामांच्या वंशजांनी भिंतीला ठोकलेल्या एका तारेवर बाटली सरकवून सूर काढले, आणि गिटारीवरचे त्यांचे ते वादन पुढे जगाने ऐकले. आपल्या तुणतुण्यालाही तार एकच.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले, ते दारिद्र्यातच. टपाल तिकीट निघाले २००२ साली. आपला समाज कलावंतास जिवंतपणी विचारीत नाही, हा दोष आपलाही आहे.

संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ बंद केली आहे, वाद्य नव्हे. गावकीच्या नावाने कोणी वाजवावयास बोलाविले, तर स्वच्छ नकार द्या. दमदाटी झाल्यास अर्ज लिहावयास मी आहे. मात्र संध्याकाळी आपल्या मुलीने वा मुलाने ते तुणतुणे खुंटीवरून काढले, तर हात धरू नका; तार तुटली असेल तर नवी आणून द्या.