गोळी इथली, हंगाम तिकडचा



हृदयरोग्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्याव्यात की नाही, कोणत्या द्याव्यात, यावर शहरांतल्या परिषदांत पुष्कळ बोललं जातं. चौसाळ्यात उभं राहून मला त्याआधीचा प्रश्न विचारावासा वाटतो. दिवाळीनंतर हा पेशंट कुठे असणार आहे?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळी आटोपली की सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्यात तरुण वयातच झडप खराब झालेली माणसं असतात. लहानपणी घसा सुजला, पुढे सांधे धरले, ताप आला, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आणि पंचविशीत धाप लागायला लागली. मग झडप बदलायची शस्त्रक्रिया होते. धातूची झडप बसली की रक्त पातळ करणारं ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन जन्मभराचं. शस्त्रक्रिया एकदाच होते, पण रक्त किती पातळ झालंय हे मोजणारी आयएनआर तपासणी कधीच संपत नाही.

फायदा किती, हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे भीतीच जास्त. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या माणसाला, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असणाऱ्याला, पक्षाघाताचा धोका सुमारे 5 पट असतो. वॉरफेरिन नीट चाललं तर त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश धोका टळतो. धातूच्या झडपेवर गोळी बंद केली तर गाठ धरून झडप अडकू शकते आणि माणूस हातातून जातो.

‘नीट चाललं तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. या औषधाचा जन्मच गोठ्यातला आहे. 1920च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरू लागली. 1933 साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या शोधातून डायकुमारॉल सापडलं, पुढे वॉरफेरिन बनलं, आणि 1948मध्ये ते बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणून. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली 1954 साली. रेणू तोच, फरक फक्त मात्रेचा आणि मोजमापाचा. (फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरूनच टायरोफिबान हे हृदयविकाराच्या झटक्यातलं इंजेक्शन घडवलं गेलं. माळावरच्या त्या जिवाकडे मी हे कळल्यापासून थोड्या आदराने पाहतो, अर्थात लांबूनच.)

आयएनआर बहुतेकांना 2 ते 3च्या मध्ये हवा. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर थोडा वर. हंगामात हे मोजमापच हातातून सुटतं. ॲसिट्रोमचा अंमल वॉरफेरिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे दोन-तीन दिवस गोळी चुकली तरी आकडा घसरतो. उलट बाजूही तितकीच वाईट. दिवसभर मोळ्या वाहून कंबर धरते, माणूस अड्ड्याजवळच्या दवाखान्यात जातो, कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतो. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल मिळतं, गजकर्णाला फ्लुकोनॅझोल. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर असतं. पण ॲसिट्रोमबरोबर ती अंगात गेली की शौचाला काळं होतं, डोकं ठणकतं, आणि त्या दोन्हींचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

पालेभाजी बंद करा, असं आपल्यातले काही जण अजून सांगतात. कृपा करून सांगू नका. मेथी, पालक, शेपू खाऊ द्या, फक्त रोज साधारण सारखी. मात्रा त्या ताटावर बसवायची असते.

बायकांचा प्रश्न स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला इजा होऊ शकते. म्हणून पाळी चुकताच यायला सांगा, आणि गोळी परस्पर बंद करू नको हेही त्याच दमात सांगा. दुसरं असं की गोळीमुळे पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ती याच जिल्ह्यासाठी. तेव्हा अशी तक्रार घेऊन बाई आली तर पिशवीकडे बोट दाखवण्याआधी तिच्या गोळ्यांची पुडी उघडून पाहा.

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पेटंट संपल्यावर त्यांचे भावही उतरले. झडप ठीक असलेल्या, अनियमित ठोक्यांच्या मजुराला मी तीच देईन, मूत्रपिंडं तपासून. पण धातूच्या झडपेवर त्यांतलं डॅबिगॅट्रान घातक ठरलं, हे 2013मध्ये कळलं. संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेतही जुनं औषधच सरस ठरलं; 2022च्या इन्व्हिक्टस अभ्यासात रिव्हारोक्झाबानपेक्षा त्यावरचे कमी रुग्ण दगावले. म्हणजे ज्याला तपासणी सर्वांत अवघड, त्यालाच ती टाळता येत नाही.

ॲस्पिरिनबद्दल थोडक्यात. झटका येऊन गेलेल्याला आणि स्टेंट बसलेल्याला ते हवंच, आणि स्टेंटनंतरची दुसरी गोळी मनाने सोडायची नाही. पण काहीच आजार नसताना पुतण्याने सांगितलं म्हणून सत्तरीच्या आजोबांनी ते रोज घेऊ नये. 2018च्या मोठ्या अभ्यासात अशा वयात फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

आता कामाचं. मुकादमाची उचल ठरते त्याच दिवसांत या रुग्णांची आयएनआर व्हावी, तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर जाव्यात आणि खिशात एक मराठी कार्ड असावं: झडप कोणती, मात्रा किती, शेवटचा आकडा आणि तारीख, कोणती वेदनाशामकं चालत नाहीत, इथल्या डॉक्टरांचा फोन. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला आपणच आधी पत्र टाकू. कार्डाचा कच्चा नमुना नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो दुरुस्त करू. औषध दुकानदारांनी अवश्य थांबावं, कारण वेदनाशामकांची यादी त्यांच्याइतकी आम्हा डॉक्टरांना पाठ नाही.